तिसरा खातेदार

शिक्रापुरात नगर रस्त्यापासून चाकणकडे जाणारा रस्ता फुटतो, त्याच्या थोडं पुढे एका पडीक तुकड्यावर रुईची तीन-चार झुडपं आहेत. दर शनिवारी सकाळी तिथे एक मावशी पानं तोडायला येतात. मारुतीच्या माळा करून देवळापुढे विकतात. पान तोडायचं, उलटं करून बघायचं आणि स्वच्छ असेल तरच पाटीत टाकायचं, असा त्यांचा क्रम. पानामागे पिवळाधमक मावा दिसला की पान भिरकावून द्यायचं. "देवाला किडकं कसं चालंल?" असं त्यांनी मला एकदा ऐकवलं होतं.

गेल्या माघात माझी नात दोन दिवस आमच्याकडे आली होती. पाचवीत आहे. तिने मावशींनी टाकलेली ती किडकी पानंच गोळा केली आणि घरी आणली. माझं वाचायचं भिंग तिच्या ताब्यात गेलं आणि आमचा सबंध शनिवार त्या पानांवर गेला.

भिंगाखाली मावा मोठा देखणा दिसतो. पिवळाजर्द रंग, काळे पाय, सोंड पानात रुतवून शेकडो जीव एकमेकांना खेटून बसलेले. रुईचा चीक विषारी, म्हणून शेळीदेखील तिला सहसा तोंड लावत नाही. पण हा मावा त्याच रसावर जगतो आणि त्यातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो. तो भडक पिवळा रंग म्हणजे खाणाऱ्याला दिलेली ताकीदच. पानातून रस इतका येतो की सगळा पचत नाही. उरलेला गोड थेंब मागून बाहेर पडतो. त्या थेंबासाठी मुंग्या माव्याभोवती घोटाळतात आणि गुराख्याने गुरं राखावीत तसा तो राखतात.

"आजोबा, हे काही जण फुगलेत," नात म्हणाली. खरंच, पिवळ्या घोळक्यात दहा-बारा जीव भुऱ्या रंगाचे, टम्म फुगलेले, गव्हाच्या कण्यांसारखे पानाला चिकटून होते. हलत नव्हते. तिला वाटलं, मेलेत. मेलेले होतेच, पण रिकामे नव्हते.

गांधीलमाशीच्या दूरच्या गोतातली, दोन-एक मिलिमीटरची एक काळसर माशी माव्याच्या कळपात शिरते. पोट स्वतःच्याच पायांखालून पुढे वळवते आणि एका माव्याच्या अंगात सुईसारखी नळी खुपसून अंडं ठेवते. मावा लगेच मरत नाही. रस पीत राहतो. आतली अळी त्याला आतून खात वाढते आणि शेवटी त्याची कातडी तेवढी शिल्लक राहते. त्या कातडीच्या डबीतच अळी कोशात जाते. मग एके दिवशी पाठीवर गोल झाकण कापून नवी माशी बाहेर पडते. आमच्या पानावर अशा दोन डब्या उघडलेल्याही होत्या, कंपासने आखावं तसं गोल भोक असलेल्या. नातीने फुगलेल्या माव्यांची पानं एका जॅमच्या बाटलीत घातली आणि तोंडाला फडकं बांधून बाटली खिडकीत ठेवली. रविवारी संध्याकाळी ती पुण्याला गेली. बाटलीवर लक्ष ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं.

मावा हा शब्द ऐकला की माझ्या वयाच्या, या भागातल्या कुणालाही रुई आठवणार नाही. ऊस आठवेल. २००२ साल आठवेल.

त्या वेळी मी शिरूर तालुक्यातल्या एका बँकशाखेत शेतीकर्जांचं काम पाहत होतो. २००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यातल्या उसावर पांढरा लोकरी मावा दिसल्याच्या बातम्या आल्या. आम्ही त्या वाचल्या आणि पान उलटलं. सांगली दूर होती. पण बघता बघता तो कृष्णाकाठ ओलांडून पश्चिम महाराष्ट्रभर आणि कर्नाटकात पसरला आणि आमच्याकडे भीमेच्या, घोडच्या, वेळ नदीच्या काठच्या फडांतही येऊन पोचला. हिरव्या उसात शिरावं तर पानांच्या मागे मधल्या शिरेला धरून कापसाचे पेळू चिकटवल्यासारखे पांढरे पट्टे. फडातून बाहेर आलं की सदऱ्यावर पिठूळ पांढरं. खालच्या पानांवर तो गोड चिकटा ठिबकायचा, त्यावर काळी बुरशी धरायची आणि हिरवा ऊस काजळी धरल्यासारखा दिसायचा. रसातली साखर घटायची. दौंडकडच्या गुऱ्हाळांवर त्या वर्षी गुळाच्या रंगाची आणि उताऱ्याची तक्रार ऐकली नाही असा माझा एकही फेरा झाला नाही.

हा किडा नवा नव्हता. जावा बेटावर झेंटनर या कीटकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये १९५८ मध्ये तो आढळला होता आणि ईशान्येकडच्या राज्यांतही होता. तिथे त्याने असा हाहाकार केला नव्हता. का केला नव्हता, हा प्रश्न २००२ च्या पावसाळ्यात आमच्यापैकी कुणाला सुचला नाही. आम्हाला सुचलं ते औषध.

माव्याची वाढ कशी होते हे बँकेतल्या माणसाला लवकर समजतं, कारण ते चक्रवाढ व्याज आहे. बहुतेक काळ या कुळात सगळ्या माद्याच. नराची गरज नाही, अंड्यांची भानगड नाही. मादी जिवंत पिल्लांनाच जन्म देते. आणि गंमत अशी की जन्माला येणाऱ्या लेकीच्या पोटात नातही आकार घेऊ लागलेली असते. म्हणजे मुद्दल हातात पडायच्या आधीच त्यावर व्याज सुरू. एका पानावर दहा दिसले म्हणून घरी जावं आणि दोन-तीन आठवड्यांनी येऊन पाहावं, तर पान पांढरं. गर्दी झाली की काहींना पंख फुटतात आणि वाऱ्यावर दुसऱ्या फडात. शिवाय वाढ्यांच्या बैलगाड्या गावोगाव जात होत्याच. त्या जनावरांच्या चाऱ्याबरोबर मावाही पोचता करत होत्या.

लोक औषधासाठी कर्ज मागायला आले. "सायेब, फड पांढरा झालाय, आज फवारलं न्हाई तर जळून जाईल." पीककर्जाच्या तक्त्यात बियाणं, खत, औषधं यांचे एकरी आकडे ठरलेले असतात. दुकानाची पावती आणली की वस्तुरूप भागाची रक्कम सुटायची. मी त्या पावत्यांवर सह्या केल्या. किती केल्या ते मोजलेलं नाही.

त्यातल्या दोन खातेदारांची गोष्ट मात्र सांगतो, नावं सोडून. दोघांचे फड एकाच शिवारात, मध्ये एक बांध. पहिला नियमित खातेदार. त्याला वाढीव रक्कम लगेच मिळाली. दुसरा थकबाकीदार, दोन वर्षांपूर्वीच्या मोटारीचे हप्ते राहिले होते, नियमाने त्याला नवा पैसा देता येत नव्हता. तो टेबलासमोर अर्धा तास बसून होता. मी त्याला चहा दिला. याहून जास्त काही दिलं नाही.

पहिल्याने फवारलं. डोक्यावरून दोन हात उंच गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन फवारणं म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. नळी वर धरायची आणि औषध पानावरून आपल्याच तोंडावर गळतं. दुसऱ्या दिवशी त्याला चक्कर आली, ओकाऱ्या झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला. मावाही गेला. पण महिनाभरात त्याच फडात पुन्हा पांढरे पट्टे दिसू लागले, आणि तो पुन्हा पावती घेऊन आला.

दुसऱ्याच्या फडात मी गेलो तो वसुलीच्या निमित्ताने, दिवाळीनंतर. ऊस काजळलेलाच होता. पण पांढऱ्या पट्ट्यांत मध्ये मध्ये जाळ्या धरलेल्या, आणि त्या जाळ्यांत मळकट हिरव्या-करड्या अळ्या वळवळत होत्या. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "एक होतं ते पुरं न्हवतं, आता ही आळी आली बघा." मीही मान हलवली. आम्हा दोघांनाही अळी म्हणजे पान खाणारी एवढंच ठाऊक.

ती अळी पान खात नव्हती. पतंगाच्या बहुतेक अळ्या शाकाहारी असतात, पण 'डिफा' नावाच्या पतंगाची अळी माव्यावर जगते. माव्याच्या लोकरीतच ती जाळं विणते, आत बसून एकेक मावा फस्त करते आणि तिथेच कोश करते. तिच्या जोडीला तपकिरी, जाळीदार पंखांचा 'मायक्रोमस', जो अळी असतानाही मावा खातो आणि मोठा झाल्यावरही. हे दोघे बाहेरून आणावे लागले नाहीत. मावा वाढला तसे तेही फडांत वाढत गेले, फक्त मागून आले. खाणारा नेहमी खाद्याच्या मागून येतो. आधी पीक, मग कीड, मग किडीवर जगणारा. हा तिसरा खातेदार उशिरा येतो आणि त्याला बसायला जागा मात्र लागते. ती जागा आम्ही औषधाने धुऊन काढत होतो.

दोन फडांवरून मला सिद्धांत मांडायचा नाही. थकबाकीदाराचा ऊसही त्या वर्षी वजनात मार खाऊन गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी काट्यावर पाहिलं आहे. वाट पाहणं फुकट नसतं. पण पुढे कीटकशास्त्रज्ञांचा सल्लाही त्याच दिशेला वळला. ज्या फडात डिफा आणि मायक्रोमस दिसतात तिथे फवारू नका, जिथे ते नाहीत तिथे दुसऱ्या फडातून आणून सोडा. प्रमाणही ठरलं, हेक्टरी डिफाच्या हजार अळ्या किंवा मायक्रोमसच्या अडीच हजार. अळ्या-कोश असलेली पानं कापून लोक पिशव्यांतून या गावाहून त्या गावाला नेऊ लागले. दोन वर्षांपूर्वी ज्या अळीला पाहून कपाळाला हात लावला, तीच मागून आणायची वेळ आली. आणि ईशान्येचं कोडंही उलगडलं. तिथून 'एन्कार्सिया' नावाची, डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी आणून कर्नाटक-महाराष्ट्रातल्या फडांत सोडली गेली. ती आमच्या बाटलीतल्या माशीसारखीच, माव्याच्या अंगात अंडं घालणारी. तिकडे मावा आणि त्याचे वैरी एकत्र नांदत होते. आमच्याकडे मावा एकटा आला होता.

त्या दोन-तीन वर्षांत उसाचं जे झालं त्याचा सगळा दोष माव्याला देता येणार नाही. त्यात २००२ आणि २००३ चा दुष्काळ मोठा होता. २००२-०३ च्या हंगामात राज्यात साठ लाख टनांहून अधिक साखर झाली होती, २००४-०५ मध्ये ती पंचवीस लाख टनांच्याही खाली आली. हळूहळू मावा ओसरला. आजही पावसाळ्याच्या शेवटी एखाद्या फडात पांढरे पट्टे दिसतात, पण ते पाहून कुणी बँकेत धावत येत नाही.

पहिल्या खातेदाराकडून दोन्ही फवारण्यांची रक्कम मी व्याजासह वसूल केली. तक्त्यात औषधाला रकाना होता. थांबायला नव्हता. एखाद्याने येऊन म्हटलं असतं की, साहेब, मी तीन आठवडे काही न करता थांबणार आहे, तेवढ्या काळातल्या नुकसानीपुरता मला आधार द्या, तर मी त्याला कोणत्या शीर्षाखाली पैसे दिले असते? निवृत्तीनंतर मी कादंबऱ्यांत बरीच खोटी माणसं उभी केली, पण या प्रश्नाचं उत्तर देणारा बँक अधिकारी मला अजून लिहिता आलेला नाही.

हा धडा जगाने एकदा गिरवलेला होता, हे मी नंतर वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांवर कापसासारखी पांढरी कीड आली. बागाईतदारांनी झाडं तोडून जाळायला सुरुवात केली. ती कीड मूळची ऑस्ट्रेलियातली. १८८८ मध्ये अल्बर्ट केबेली नावाचा माणूस तिच्या शोधात ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथून त्याने लाल-काळे ढालकिडे पाठवायला सुरुवात केली. पहिल्या खेपांत ते सव्वाशेच्या आसपास होते. वर्षभरात बागा सावरल्या. मग सुमारे साठ वर्षांनी, डीडीटीचा जमाना आला तेव्हा, त्याच बागांवर दुसऱ्याच किडींसाठी फवारणी झाली. ढालकिडे मेले आणि विसरलेली पांढरी कीड परत आली. आमच्या शिवारातला बांधाअलीकडचा फड आणि बांधापलीकडचा फड म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती.

मला मात्र सगळ्यात जास्त थक्क केलं ते झाडाने. आपण झाडाला मुकं समजतो. १९९० मध्ये अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मक्याचं पान अळीने कुरतडलं की मका हवेत एक वेगळा वास सोडतो, आणि अळीच्या अंगात अंडी घालणारी माशी त्या वासाचा माग काढत येते. नुसतं कात्रीने पान कापलं तर तसा वास येत नाही. अळीची लाळ लागावी लागते. म्हणजे आपल्याला कोण खातंय हे झाडाला कळतं आणि ते त्याच्या वैऱ्याला सांगावा धाडतं. आपण त्या वेळी पंप घेऊन जातो आणि सांगावा ऐकून आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच मारतो.

आता शिरूर-दौंडकडचे काही ऊसवाले खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड लावतात. खोडकिडा लागला की कोवळ्या उसाचा पोंगा वाळतो, ओढला की अलगद हातात येतो. या पतंगाच्या अंड्यातच स्वतःचं अंडं घालणारी ट्रायकोग्रामा नावाची माशी आहे, अर्ध्या मिलिमीटरची. तिची पैदास करायची म्हणजे आधी धान्यातला पतंग भरडलेल्या धान्यावर वाढवायचा, त्याची अंडी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चिकटवायची आणि त्यांत या माशीला अंडी घालू द्यायची. एका कार्डावर अशी वीसेक हजार अंडी असतात. त्यात माशी वाढू लागली की ती काळी पडतात. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानामागे स्टेपलरने टाचायच्या, उन्हाच्या आधी किंवा संध्याकाळी.

स्टेपलर हे आमच्या टेबलावरचं हत्यार, ते फडात पाहून मला बरं वाटलं. पण हा माल दुकानदाराच्या सोयीचा नाही. बाटली दोन वर्षं फळीवर राहते. कार्डातून आठवड्याभरात माश्या निघतात. आज मागवलं, पाऊस लागला, कार्ड घरातच राहिलं, की पैसे गेले. मुंग्या पट्ट्या साफ करतात. आणि शेजाऱ्याने त्याच दिवशी फवारलं तर बोलायचंच नाही. त्यामुळे चार जणांनी मिळून केलं तरच जमतं, आणि आपल्याकडे चार जण मिळणं किती अवघड असतं हे सोसायटीच्या एखाद्या सभेला हजर राहिलेल्या कुणालाही विचारावं.

यात आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. अंगात अंडी घालणाऱ्या या माश्यांपैकी कित्येकींना मोठेपणी फुलांतला मध लागतो. पीक कोवळं असतं तेव्हा तो मिळतो बांधावर, कडेच्या झुडपांवर, ज्याला आपण तण म्हणतो त्यावर. रुईवरचा मावा उसाला लागत नाही. पण रुईवर पोसलेला ढालकिडा पुढे ज्वारीवर, करडईवर जातो. आमच्याकडे बांध कोरून कोरून वीतभर उरले आहेत, जे उरले त्यांवर तणनाशक मारलं जातं. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांनी या भागाला रोजगार दिला, मुलं घरी राहिली, हे मी नाकारणार नाही. माझ्याच काही खातेदारांची घरं त्यावर उभी राहिली. पण प्लॉटिंग झालं की आधी सपाट होतो तो बांध. ती रुईची झुडपंही फार दिवस टिकतील असं वाटत नाही. तुकड्याच्या कोपऱ्यात हद्दीचे दगड रोवलेले मी पाहिले आहेत.

बाटलीचं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आत चार काळसर माश्या काचेवर चढत होत्या. मी फोन केला, पण बाईसाहेबांचा हुकूम झाला की मी येईपर्यंत उघडायची नाही. फडक्यावर साखरपाण्याचे थेंब ठेवत त्यांना मी शनिवारपर्यंत जगवलं. तोवर उरलेल्या डब्यांतून आणखी काही बाहेर आलं होतं. या माश्या वेगळ्या होत्या, आखूड, ठेंगण्या, उन्हात हिरवट चमकणाऱ्या. आणि त्यांच्या डब्यांची भोकं गोल नव्हती, उंदराने कुरतडावीत तशी वेडीवाकडी होती.

नातीला समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. मावा रुईला खातो. काळी माशी माव्याला आतून खाते. आणि ही हिरवट माशी, माव्याच्या आत असलेल्या काळ्या माशीच्या अळीला शोधून काढते आणि तिच्यावर आपलं पिल्लू वाढवते. म्हणजे ती माव्याची मैत्रीण झाली, नाही का? नातीने बोटांवर मोजलं. "मग ही चांगली की वाईट?"

मी म्हटलं, रुईला विचारलं तर वाईट म्हणेल.

"आणि मावशींना विचारलं तर?"

आम्ही बाटली घेऊन झुडपांपाशी गेलो. मावशी येऊन गेल्या होत्या. टाकलेली पानं खाली पडलेली होती. काळ्या सोडायच्या आणि हिरव्या ठेवायच्या, की दोन्ही, यावर बरीच चर्चा झाली. वेगळ्या करणं शक्यच नव्हतं. शेवटी तिने फडक्याची गाठ सोडली.